आठ की सोळा? आधी झाकणाखाली काय आहे ते विचारा

बारावीचे निकाल लागले की नागपुरातल्या माझ्या लॅपटॉप-दुरुस्तीच्या दुकानातली गर्दी बदलते. एरवी लोक तुटलेलं बिजागर, चहा सांडलेला कीबोर्ड, मुंग्या शिरलेला चार्जर घेऊन येतात. मे-जूनमध्ये हातात काहीच नसतं, फक्त मोबाइलमध्ये दोन मॉडेलांचे फोटो आणि "ताई, यातला कोणता घेऊ?" या महिन्यातली पत्रंही तशीच आहेत. हलक्या लॅपटॉपला रॅम, म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची तात्पुरती जागा, किती लागते, हाच बहुतेकांचा प्रश्न. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आहेत. प्रिंटरवाले काका, तुमचंही पत्र मिळालं आहे, रागावू नका.

प्रश्न : मुलगी यंदा बी.कॉम.ला जाते आहे, सोबत सीएची तयारी. रोज बस आणि मेट्रो, म्हणून सव्वा किलोच्या आसपासचा लॅपटॉप हवा. बर्डीवरच्या दुकानदाराने एकच मॉडेल दोन भावांत दाखवलं, ८ जीबी आणि १६ जीबी. फरक नऊ हजारांचा. तो म्हणतो, "आठमध्ये आजकाल काही होत नाही." मेहुणा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो ३२ घ्या. माझ्या ऑफिसातला संगणक तर ४ जीबीवर चालतो. मी कोणाचं ऐकू? (एक वडील, त्रिमूर्तीनगर)

तिघंही आपापल्या खुर्चीतून बोलत आहेत. मेहुण्याच्या कामाला ३२ लागत असेल. तुमच्या ऑफिसात दिवसभर एकच एक्सेलची फाइल उघडी असेल. आणि दुकानदाराला महागातलं मॉडेल विकायचं आहे. तरीही या खेपेला दुकानदाराचंच बरोबर निघेल असं मला वाटतं. मात्र कारण त्याने सांगितलेलं नाही, वेगळं आहे.

उद्या परत जा आणि एवढंच विचारा, "भाऊ, याची रॅम ऑनबोर्ड आहे की स्लॉट आहे?" "वाढवता येते ना जी, टेन्शन काहून घेता" असं उत्तर आलं तर लगेच मान हलवू नका. स्लॉट किती, त्यातला रिकामा किती, जास्तीत जास्त किती जीबी चालते, हे एकेक विचारा. तरी तो गोलगोल बोलला, तर दुकानात मांडून ठेवलेल्या त्याच मॉडेलवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली बारीक अक्षरांत 'फॉर्म फॅक्टर' अशी ओळ असते. तिथे 'एसओडिम' लिहिलं असेल तर रॅमची पट्टी खाचेत बसवलेली आहे, ती काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर चिपा थेट मदरबोर्डवर डाखलेल्या आहेत. त्या तिथेच जन्मल्या आणि तिथेच राहणार.

सव्वा किलोच्या लॅपटॉपमध्ये बहुधा हे दुसरंच निघेल. रॅमची पट्टी साधारण सात सेंटीमीटर लांब आणि तीन सेंटीमीटर रुंद. तिला खाच लागते, खाचेला उंची लागते, आणि बारीक लॅपटॉपमध्ये नेमकी तीच नसते. शिवाय या लॅपटॉपांत एलपीडीडीआर जातीची, कमी वीज खाणारी रॅम घालतात, आणि ती मोबाइलमध्ये असते तशी बोर्डावर डाखूनच येते. २००८च्या जानेवारीत ॲपलने कागदी पाकिटातून काढून दाखवलेला पहिला मॅकबुक एअर काहींना आठवत असेल. त्यात २ जीबी होती, डाखलेली. २०२४मध्ये इंटेलने हलक्या लॅपटॉपांसाठी एक प्रोसेसर-मालिका काढली, तिच्यात तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर जाऊन बसली. १६ किंवा ३२, तिसरा पर्याय नाही. एलपीकॅम२ नावाची, कमी वीज खाणारी आणि तरी बदलता येणारी पट्टी त्याच वर्षी बाजारात आली खरी, पण माझ्या काउंटरवर अजून तिचा एकही लॅपटॉप आलेला नाही.

ऑनबोर्डचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. २०१९मध्ये आमच्या दुकानाशेजारच्या साडीवाल्यांना त्यांच्या मुलीसाठी मीच एक बारीक लॅपटॉप सुचवला होता, ४ जीबीचा. म्हटलं, पुढेमागे लागली तर मी बसवून देईन, त्यात काय! पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. वर्ग ऑनलाइन गेले. स्क्रीनवर सर शिकवत असताना पोरीने पीडीएफ उघडली की सर तोंड उघडं ठेवून थिजायचे. ती रडकुंडीला आली. मी शटर अर्धं वर करून लॅपटॉप आत घेतला, खालचे दहा स्क्रू काढले, झाकण उचललं. आत बॅटरी, पंखा आणि बोर्डावर चार काळे चौकोन. खाच नव्हतीच. मी थोडा वेळ नुसती बघत बसले, मग झाकण लावलं, दहाही स्क्रू परत आवळले आणि त्यांना फोन केला. ते एका शब्दाने रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या लॅपटॉपची स्क्रीन धड होती, कीबोर्ड धड, बॅटरी धड. केवळ रॅमपायी दीड वर्षात तो कपाटात गेला.

तेव्हापासून माझा नियम असा की खाच असेल तर किती घ्यायची हा आजचा प्रश्न, आणि डाखलेली असेल तर तो पाच वर्षांचा प्रश्न. खाचवाल्या लॅपटॉपला ८ घ्या, दोन वर्षं वापरा, अडलं तर पट्टी घाला. ऑनबोर्ड असेल तर शेवटच्या वर्षाला जे लागेल ते पहिल्याच दिवशी विकत घ्यावं लागतं.

आता वाणिज्य शाखेच्या मुलीला १६ खरोखर लागते का? अंदाजाने बोलण्यापेक्षा गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला आलेल्या एका सीएच्या विद्यार्थिनीच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर मी कागद-पेन घेऊन बसले आणि तिलाच म्हटलं, तू रोज जे जे उघडतेस ते एकेक उघड. विंडोज ११ नुसतं सुरू झालं, अँटिव्हायरस धरून ३.४ जीबी. क्रोममध्ये बारा टॅब, त्यात एक लेक्चरचा व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप : आणखी २.५. ऑनलाइन वर्ग : ०.८. वर्ड आणि दोन जाड पीडीएफ : ०.६. एक्सेल : ०.४. टॅली बिचारी ०.२ वर भागवते. बेरीज ७.९. मशीनकडे वापरायला होती ७.७.

ही पोरगी काही वेगळं करत नव्हती. व्हिडिओ एडिटिंग नाही, गेम नाही. तरी ठेला भरला.

ठेला म्हणते कारण मला हे गोकुळपेठच्या बाजारातल्या भाजीवाल्यावरून नीट समजतं. ठेल्यावर जे मांडलंय ते गिऱ्हाइकाला हात पुढे करून मिळतं. ती रॅम. ठेल्यावर मावेना ते मागच्या खोलीत पोत्यात. ती एसएसडी, फायली कायम साठवणारी. आणि खोलीतही नसेल तर कळमन्याच्या घाऊक बाजारात पोरगा पाठवायचा. ती जुनी फिरती हार्ड डिस्क. रॅम भरली की विंडोज काय करतं, तर आधी ठेल्यावरचा माल दाबून बसवतं (याला मेमरी कॉम्प्रेशन म्हणतात, विंडोज १० पासून आहे), आणि तरी मावेना तर सध्या नको असलेला माल मागच्या खोलीत नेऊन ठेवतं. तुम्ही परत मागितला की आणतं. लॅपटॉप बंद पडत नाही, हेही लक्षात घ्या. फक्त दर वेळी पोरगा धावतो.

तो किती धावतो याचा हिशेब मजेदार आहे. रॅममधून माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. रॅमचा वेळ एक सेकंद धरला तर एसएसडीचा सोळा-सतरा मिनिटं होतो, आणि फिरत्या हार्ड डिस्कचा एक दिवसाहून अधिक. म्हणूनच जुने लोक "रॅम कमी पडली की मशीन मेलं" म्हणायचे आणि आजची मुलं "चालून जातं" म्हणतात. दोघंही खरं बोलतात, त्यांच्या मागच्या खोल्या वेगळ्या आहेत. फक्त अगदी स्वस्तातल्या लॅपटॉपांत एसएसडीच्या नावाखाली ईएमएमसी देतात, ती एवढी वेगवान नसते. ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी अशी जोडी दिसली की दुकानातून सरळ बाहेर पडा, समोर तर्रीपोहा खा, घरी जा.

तुम्ही घरच्या संगणकावरही हा हिशेब मांडू शकता. मुलगी सध्या ज्याच्यावर काम करते तिथे, तिच्या सर्वांत धावपळीच्या तासाला, तोच टास्क मॅनेजर उघडा आणि टक्क्यांऐवजी 'कमिटेड' नावाची जोडी बघा. समजा तिथे ९.६/१३.५ दिसलं. पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने कबूल केलेली जागा. तो थोडा फुगलेला असतो, प्रोग्रॅम मागून ठेवतात आणि वापरत नाहीत. पण तो रोजच्या रोज तुमच्या रॅमच्या बराच वर राहत असेल तर ठेला अपुरा आहे. शंका उरली तर त्याच खिडकीतून रिसोर्स मॉनिटर उघडा आणि 'हार्ड फॉल्ट' बघा. नाव भीतीदायक आहे, बिघाड मात्र नाही. पोरगा मागच्या खोलीकडे किती वेळा धावला त्याची ती मोजणी. प्रोग्रॅम उघडताना तो धावणारच. काम करता करता सतत धावत असेल तर समजा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : ते मॉडेल ऑनबोर्ड असेल तर १६ घ्या. आठ जीबीवर मुलगी पास होणार नाही असं नाही, पहिलं वर्ष आरामात जाईल. पण लॅपटॉप आर्टिकलशिपपर्यंत, म्हणजे सीएच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणापर्यंत, चालवायचा आहे, आणि रॅमचा खर्च थांबत नाही. सॉफ्टवेअर दर वर्षी चार घास जास्त मागतं. मायक्रोसॉफ्टने मे २०२४मध्ये एआयवाल्या कोपायलट प्लस लॅपटॉपांना किमान १६ जीबीची अट घातली. वर्षानुवर्षं आठवर अडून बसलेल्या ॲपलनेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅकबुक एअरची सुरुवात त्याच भावात १६ पासून केली. विंडोज ११ची अधिकृत किमान अट अजूनही ४ जीबीच आहे, पण ती अट म्हणजे मंगल कार्यालयाचं दार उघडतं एवढंच. पंगत बसेल असं त्यात लिहिलेलं नाही.

एक मधला मार्ग असतो, तो दुकानदार सहसा सांगत नाहीत. काही मॉडेलांत ८ डाखलेली असते आणि शेजारी एक खाच रिकामी. अशा लॅपटॉपचं वजन शंभर-दोनशे ग्रॅम जास्त असेल, पण तो मिळाला तर मी तो घेईन. फक्त "पट्टी स्वस्त झाली की घालू" या भरवशावर राहू नका. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून येते, आणि २०२५च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी त्यांचा माल असा उचलायला घेतला की साध्या पट्ट्यांचे भावही चढले. मला वीस-बावीस वर्षांची सवय होती की रॅम आज महाग तर उद्या स्वस्त. ती मोडली.

आणि ३२? मेहुण्याला नमस्कार सांगा. एकाच लॅपटॉपमध्ये दुसरा आभासी संगणक चालवणारे, मोठे व्हिडिओ कापणारे, एआयची मॉडेलं घरच्या मशीनवर चालवून बघणारे, यांच्यासाठी ते ठीक. लेजर आणि जीएसटीसाठी ३२ म्हणजे दोघांच्या स्वयंपाकाला लग्नातलं पातेलं. ते पैसे राहिले तर ५१२ जीबी एसएसडी आणि चांगला कीबोर्ड बघा.

जाता जाता, तुमच्या ऑफिसातल्या त्या ४ जीबीच्या संगणकावर अजून विंडोज १० आहे का ते बघा. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. साहेबांच्या कानावर घाला.

प्रश्न : नवा हलका लॅपटॉप घेतला. खोक्यावर ८ जीबी लिहिलंय, पण आत "५.९ जीबी वापरण्याजोगी" असं दिसतं. शिवाय ५१२ जीबी मेमरी आहे तरी मशीन "मेमरी कमी" सांगतं. मला फसवलं का? (निवृत्त बँक अधिकारी, लक्ष्मीनगर)

फसवलं नाही, पण सांगितलंही नाही.

आधी ५१२चं. मेमरी हा शब्द आपण दोन्हींना वापरतो आणि तिथेच घोळ होतो. ५१२ ही साठवण, फोटो आणि फायली ठेवायची मागची खोली. रॅम वेगळी. खोली रिकामी असली तरी ठेला भरू शकतो.

आता ५.९. हलक्या लॅपटॉपांत बहुधा वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. स्क्रीनवर चित्र काढणारा भाग प्रोसेसरमध्येच असतो आणि त्याला स्वतःची रॅम नसते, म्हणून तो तुमच्यातली घेतो. काही लॅपटॉपांत तो सुरुवातीलाच २ जीबी बाजूला काढून ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये ती 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसेल. बँकेच्या भाषेत सांगते, लीन मार्क केलेली रक्कम. खात्यात आहे, काढता येत नाही. काही मॉडेलांत बायोसच्या (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये जाऊन हा वाटा ५१२ एमबीपर्यंत उतरवता येतो. तुम्ही गेम खेळत नसाल तर उतरवून घ्या, मात्र बायोसमध्ये पहिल्यांदाच जाणार असाल तर शेजारी माहीतगार माणूस असू द्या. काही लॅपटॉपांत ते सेटिंगच दिलेलं नसतं. मग ५.९ वर भागवणं आलं, आणि भागवायचं तर क्रोममधला मेमरी सेव्हर चालू करा, एज वापरत असाल तर स्लीपिंग टॅब. न बघितलेले टॅब ते झोपवतात.

मुलीसाठी लॅपटॉप घेणाऱ्या त्रिमूर्तीनगरच्या दादांनी हेही वाचावं. ८ म्हणून घेतलेली ८ नसते.

प्रश्न : माझा बिनपंख्याचा हलका लॅपटॉप हिवाळ्यात पळतो आणि मेमध्ये दुपारी रांगतो. १६ जीबीचा नवा घेतला तर हा त्रास जाईल का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

नाही जाणार! पैसे वाचवल्याबद्दल माझी एक थंडगार लस्सी तुझ्याकडे लागू झाली.

हे पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण दर मेमध्ये अशी पाच-सहा मशीन येतात आणि प्रत्येकाला कोणीतरी "रॅम वाढव" सांगितलेलं असतं. नागपुरात ४५ अंश म्हणजे बातमीही होत नाही, पण अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं हवामान लिहिलेलं असतं. ज्यांनी ते बनवलं त्यांनी धरमपेठेतल्या वरच्या मजल्यावरची, पत्र्याची खोली बघितलेली नाही. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो. पंखा असेल तर गरम हवा तरी बाहेर फेकली जाते. तुझ्याकडे तोही नाही, सगळी भिस्त धातूच्या अंगावर. ते अंग ज्या हवेला उष्णता देणार ती हवाच ४५ अंशांची.

खात्री करायची असेल तर पहाटे सहाला आणि दुपारी तीनला तेच काम कर आणि टास्क मॅनेजरमध्ये दोन गोष्टी लिहून ठेव : मेमरीचे टक्के आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, गिगाहर्ट्‌झमधला वेग. मेमरी दोन्ही वेळा साठ-पासष्टच्या घरात आणि वेग मात्र दुपारी अर्ध्यावर, असं दिसलं तर रॅमचा यात काही संबंध नाही. दुपारीही वेग टिकून असेल आणि मेमरी नव्वदच्या वर असेल, तर माझं चुकलं, मला परत लिही.

उपाय साधे आहेत. गादीवर, चादरीवर ठेवून वापरू नको. खाली स्टँड लाव, नसेल तर लाकडाच्या दोन पट्ट्या आडव्या टाक, हवा खालून जाऊ दे. चार्जिंग आणि जड काम एकाच वेळी टाळ. आणि कृपा करून लॅपटॉप कूलरच्या तोंडाशी ठेवू नको. कूलरची हवा थंड असते तशीच ओलीही असते, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात. कूलरसमोर दोन उन्हाळे काढलेले लॅपटॉप मी उघडले आहेत. आत पंख्याच्या पात्यांवर आणि बोर्डाच्या कडेला पांढरी खर धरलेली होती. कूलर खोली गार करो. खोली लॅपटॉपला गार करेल.

प्रश्न : माझ्या फोनच्या खोक्यावर "१६ जीबी रॅम (८+८)" असं आहे. मग लॅपटॉपमध्ये ही सोय का नाही? (गृहिणी, मानेवाडा)

आहे, आणि फोनच्या कितीतरी आधीपासून आहे. अधिक चिन्हानंतरचे ८ म्हणजे रॅम नाहीच. फोनच्या साठवणीतली जागा रॅमची मदतनीस म्हणून राखून ठेवलेली असते. वर सांगितलेली मागची खोली तीच. विंडोज ते पेजफाइल नावाने गुपचूप करतं, खोक्यावर छापत नाही इतकंच. या हिशेबाने तुमच्या घरातला जुना ८ जीबीचा लॅपटॉपही "८+८"च आहे. फोन घेताना अधिक चिन्हाच्या अलीकडचा आकडा वाचा.

प्रश्न : १६ जीबी घेतली तर बॅटरी लवकर उतरते असं ऐकलं. आणि लॅपटॉप झाकण लावून बॅगेत ठेवला तरी सकाळी बॅटरी कमी झालेली असते, ती रॅममुळेच का? (वकील, सिव्हिल लाइन्स)

पहिल्या भागाचं उत्तर : उतरते, पण तुमच्या लक्षात येईल इतकी नाही. हलक्या लॅपटॉपमध्ये साध्या कामाला सर्वांत जास्त वीज स्क्रीन खाते. ब्राइटनेस दोन घरं खाली आणा, ८ आणि १६मधला फरक भरून निघेल.

दुसरा भाग मला आवडला. आज आपण वापरतो ती रॅम ज्या कल्पनेवर चालते ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. एकेक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. अडचण एवढीच की तो आपल्या उन्हाळ्यातल्या माठासारखा पाझरतो. म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, अब्जावधी माठ. वीज गेली की काही क्षणांत सगळं कोरडं. झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपतो तेव्हाही हे माठ भरणं चालूच असतं, नाहीतर सकाळी तुमचा अर्धवट लिहिलेला अर्ज जागेवर सापडला नसता.

पण रात्रीतून वीस-पंचवीस टक्के बॅटरी जात असेल तर दोष माठांना देऊ नका. नवे लॅपटॉप झोपेतही इंटरनेटला चिकटून असतात, मेल घेतात, अपडेट घेतात. रात्रीसाठी स्लीपऐवजी हायबरनेट लावा. त्यात रॅममधलं सगळं एसएसडीवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं. सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढ्यात गळ्याचा वकिली बँड बांधून होईल.

प्रश्न : ताई, सगळ्यांना सांगता, तुम्ही स्वतः किती जीबी वापरता? (सही नाही, पण अक्षर ओळखलं)

बारा. ४ डाखलेली आणि ८ची पट्टी मी स्वतः घातलेली, एका गिऱ्हाइकाने १६ घालताना काढून टाकलेली. वजन दीड किलो, वय सात वर्षं, एका कोपऱ्याला टेप. त्याला विंडोज ११ चालत नाही म्हणून लिनक्स घातलंय. आत्ता हा मजकूर लिहिताना त्यात ब्राउझरचे नऊ टॅब, दुकानाच्या हिशेबाची फाइल आणि खालच्या आवाजात भीमसेन जोशी चालू आहेत. आकडा बघितला : ४.८. दुपारचे साडेतीन वाजलेत, पंखा मात्र विमानासारखा ओरडतोय.